मेथी आवडायला किती दिवस लागतात?

दहा महिन्यांचं बाळ लाल भोपळ्याची कुस्करलेली फोड, दुधीचं वरण, मुगाची मऊ खिचडी, जे पुढे येईल ते आ करून खातं. घरची माणसं कौतुकाने सांगतात की आमच्या बाळाला सगळं चालतं. तेच बाळ दोन वर्षांचं होतं आणि वरणातली कोथिंबिरीची पानं वेचून ताटाच्या कडेला लावू लागतं. पोळीवर जरा करपलेला डाग दिसला तरी ती पोळी नको, परवापर्यंत खाल्लेली गवारसुद्धा नको. उरतो वरणभात, तूपसाखर-पोळी, बटाटा आणि बिस्किट. मग घरात दोन तट पडतात. एकाच्या मते मूल लाडावलं आहे, दुसऱ्याच्या मते आईने सवय लावली नाही. मूल तेच, स्वयंपाकघर तेच, भाज्याही त्याच; तरी वर्षभरात असं काय बदललं याचं उत्तर या दोन्ही तटांकडे नसतं. ते उत्तर मुलाच्या वाढीत आणि माणसाच्या जुन्या उपजत सावधगिरीत आहे. ते समजलं तर ताटापुढची बरीच भांडणं टाळता येतात आणि भाजीही हळूहळू पोटात जाऊ लागते.

दीड वर्षानंतर भूक कुठे जाते?

आधी वाढीचा हिशोब पाहू. जन्मताना तीन किलोच्या आसपास असलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण तिप्पट वजनाचं होतं, म्हणजे बारा महिन्यांत सहा किलोंची भर पडते. दुसऱ्या वर्षात ही भर दोन-अडीच किलोंवर येते आणि पुढची काही वर्षं ती वर्षाला दोन किलोंच्या आसपास राहते. वाढीचा वेग उतरला की त्या मानाने भूकही उतरते, आणि हे नेमकं मूल चालायला-पळायला लागतं त्या काळात घडतं. आपल्या मनात मात्र उलटा हिशोब असतो: मूल मोठं होतंय, तर वाटीही मोठी व्हायला हवी. मुलाने अर्धी वाटी खाऊन तोंड फिरवलं की ते आपल्याला नखरे वाटतात. खरं तर बऱ्याचदा त्याचं पोट भरलेलं असतं.

लहान मुलं आपल्या गरजेचा अंदाज किती चांगला ठेवतात, हे १९९१ साली अमेरिकेतल्या संशोधिका लिअ‍ॅन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. दोन ते पाच वर्षांच्या १५ मुलांनी सहा दिवसांत काय आणि किती खाल्लं याची त्यांनी काटेकोर नोंद ठेवली. एकेक जेवण स्वतंत्र पाहिलं तर खाल्लेल्या उष्मांकांत जवळजवळ एक तृतीयांशाची चढउतार होती. सकाळी भरपूर, दुपारी दोन घास, संध्याकाळी पुन्हा बरं, असं. पण दिवसभराची बेरीज केली तेव्हा ती चढउतार दहा टक्क्यांच्या आसपासच उरली. एका वेळी कमी खाल्लेलं मूल पुढच्या वेळी आपोआप भरून काढत होतं. तेव्हा एका दुपारच्या ताटावरून मुलाच्या पोषणाचा निकाल देणं चुकीचं ठरतं. आठवडाभराचं खाणं एकत्र पाहावं.

हा अंदाज बिघडवणारी एक गोष्ट मात्र घरोघरी आहे. मूल जेवलं नाही म्हणून अर्ध्या तासाने दुधाचा मोठा पेला, मध्येच दोन-चार बिस्किटं, मग फळाचा रस. पोट भरतं, आणि पुढच्या जेवणाला भूक पुन्हा नसतेच. वर्षावरच्या मुलाच्या पोटात दिवसाला अर्धा लिटरपेक्षा जास्त दूध जाऊ लागलं की जेवणाची जागा ते घेतं, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षय असलेली आढळली. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण लोह कमी झालं की भूकही मंदावते, आणि कमी जेवतो म्हणून दूध, दूध पितो म्हणून जेवण कमी, हा फेरा चालू राहतो.

नव्या पदार्थाची भीती

भूक कमी झाल्याने मूल कमी का खातं ते कळलं. पण बटाटा चालतो आणि मेथी का नको? यामागे अन्नाच्या नवखेपणाची भीती आहे. साधारण दोन ते सहा वर्षं या वयात ही भीती सर्वांत तीव्र असते. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७० च्या दशकात तिचं कारण मांडलं. गाय गवत खाते, वाघ मांस खातो. त्यांना काय खावं हा प्रश्न पडत नाही. माणूस मात्र सर्वभक्षी आहे. नवं काही खाऊन पाहिल्याशिवाय त्याचं भागत नाही, आणि नव्यात विषारी काय असेल हेही ठाऊक नसतं. बाळ आईच्या कडेवर असेपर्यंत तोंडात काय जातं ते आई ठरवते. चालतं झालेलं मूल मात्र समोर दिसेल ते पान, फळ, बी तोंडात घालू शकतं. याच वयात अनोळखी वस्तूबद्दल संशय जागा होणं जिवाच्या रक्षणासाठी उपयोगाचं होतं. आज अंगणात विषारी फळं नसतील, पण संशय अजून आहे. मुलाला पालकाची हिरवी पातळ भाजी संशयास्पद दिसते आणि दर वेळी एकाच रंगाचं, एकाच आकाराचं, एकाच चवीचं बिस्किट सुरक्षित वाटतं.

चवीचा कलही जन्मजात असतो. जेरुसलेममधल्या जेकब स्टायनर यांनी १९७० च्या दशकात नवजात बाळांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवून त्यांचे चेहरे पाहिले. गोड थेंबाने चेहरा शांत झाला, कडू थेंबाने आक्रसला. आणि ही बाळं अजून दूधही प्यायलेली नव्हती. निसर्गात गोड म्हणजे बहुधा ऊर्जा आणि कडू म्हणजे बहुधा विष, म्हणून हा कल. त्यातही मुलामुलांत फरक असतो. कोबी, मुळा, मोहरीचा पाला या कुळातल्या भाज्यांमधला विशिष्ट कडवटपणा काहींना तीव्र जाणवतो, तर काहींना जवळजवळ जाणवतच नाही, आणि तो फरक एका जनुकावर बराचसा अवलंबून असतो. त्यामुळे कोबी गोड लागतो असं आई मनापासून सांगत असते तेव्हा मुलाच्या जिभेला तो खरोखर कडू लागत असू शकतो. मूल खोटं बोलत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जेन वॉर्डल आणि सहकाऱ्यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठ ते अकरा वर्षांच्या मुलांमधल्या नव्या अन्नाच्या भीतीतल्या फरकाचा सुमारे ७८ टक्के भाग आनुवंशिक असल्याचं दिसलं. ज्या आईला सासरच्या, माहेरच्या आणि शेजारच्यांकडून ‘तूच लाडावलंस’ हे ऐकावं लागतं, तिच्यापर्यंत हा आकडा पोहोचायला हवा. मात्र या आकड्याचा अर्थ नीट घ्यावा लागतो. दोन मुलं एकमेकांपेक्षा वेगळी का, याचं उत्तर तो देतो. एका मुलाला नवी चव शिकवता येईल की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. शिकवता येते, याचे पुरावे भरपूर आहेत.

ओळख चाखून होते

घरी अनोळखी पाहुणा आला की लहान मूल आईच्या पदराआड जातं. त्याला ओढून पाहुण्याच्या मांडीवर बसवलं तर ते रडतं आणि पुढच्या खेपेला पाहुणा दिसताच पळतं. तोच माणूस दर आठवड्याला येत राहिला, त्याने मुलाला हात लावला नाही, घरातल्यांशी गप्पा मारून निघून गेला, तर काही भेटींनंतर मूल आपणहून जवळ जातं. नव्या भाजीची ओळख मुलाला याच क्रमाने होते. फरक इतकाच की ही ओळख डोळ्यांनी होत नाही, जिभेने व्हावी लागते. बर्च यांनी १९८२ साली दोन वर्षांच्या मुलांना काही अनोळखी पदार्थ कमी-अधिक वेळा चाखायला दिले. जे पदार्थ जास्त वेळा चाखले गेले तेच मुलांनी पुढे पसंत केले. १९८७ च्या दुसऱ्या प्रयोगात काही पदार्थ मुलांना नुसते दाखवले आणि काही चाखायला दिले. नुसते पाहिलेले पदार्थ दिसायला बरे वाटू लागले, पण चवीची आवड चाखलेल्या पदार्थांचीच वाढली. नव्या चवीचा एक कण जिभेवर गेला, पोट दुखलं नाही, उलटी झाली नाही. अशा प्रत्येक वेळी मेंदूत ‘हे सुरक्षित आहे’ अशी नोंद पक्की होत जाते.

किती वेळा? जर्मनी आणि फ्रान्समध्ये सात महिन्यांच्या बाळांवर झालेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. बाळाला साफ नावडलेली एक भाजी आयांनी निवडली आणि ती एक दिवसाआड, एकूण आठ वेळा दिली. आठव्या खेपेपर्यंत सत्तर टक्क्यांहून अधिक बाळं ती भाजी आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली. वयाच्या दोन वर्षांनंतर, भीती जागी झाल्यावर, लागणाऱ्या खेपांची संख्या वाढते. दहा-पंधरा वेळा चाखणं लागू शकतं, काहींना त्याहून जास्त. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मात्र असं दिसलं होतं की बहुतेक पालक तीन ते पाच वेळा देऊन पाहतात आणि ‘याला हे आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतात. आपल्याकडे वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही. ओळख व्हायला सुरुवात होते तेवढ्यात पदार्थ ताटातून गायब होतो.

मराठी ताटात या कामाची सोय आधीपासून आहे. ताटाच्या डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढली जाते, तीही चमचाभरच. पोट भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर नसते. मुलाच्या ताटातली नवी भाजी हीच जागा घेऊ शकते. शेंगदाण्याएवढी मेथी डावीकडे, आणि उजवीकडे त्याचा ओळखीचा वरणभात. वॉर्डल यांच्या २००३ च्या प्रयोगात दोन ते सहा वर्षांच्या मुलांच्या पालकांनी मुलाला न आवडणाऱ्या एका भाजीचा लहानसा तुकडा १४ दिवस रोज चाखायला दिला. दुसऱ्या गटातल्या पालकांना पोषणाची माहितीपत्रकं दिली होती. तुकडा चाखलेल्या मुलांची आवड आणि खाण्याचं प्रमाण या दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढलं. माहितीपत्रकापेक्षा एका तुकड्याने जास्त काम केलं.

आग्रहाने काय बिघडतं

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो. ‘आम्हाला ताटात पडेल ते खावंच लागायचं, म्हणून आम्ही शिकलो.’ हा युक्तिवाद मनापासून केला जातो आणि त्यात थोडं तथ्य आहे: त्या ताटात तीच भाजी पुन्हा पुन्हा यायची, घरातले सगळे तीच खायचे, आणि दुसरं काही मिळायचं नाही. शिकवण्याचं काम त्या वारंवारतेने आणि सोबतीने केलं. श्रेय मात्र धाकाला मिळालं. धाक वेगळा काढून तपासला तर त्याचा परिणाम उलटा दिसतो. २००६ साली बर्च यांच्याच गटाने बालवाडीतल्या मुलांना काही आठवडे दोन प्रकारची सुपं दिली. एका सुपाच्या वेळी मोठी माणसं अधूनमधून ‘सूप संपव’ असं म्हणत. दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलत नसत. ओरडणं नाही, मारणं नाही, फक्त आठवण. तरीही आग्रह झालेलं सूप मुलांनी कमी घेतलं आणि त्याबद्दल ‘शी’, ‘नको’ असे शेरे जास्त मारले. कारण समजायला अवघड नाही. घास घशाशी येईपर्यंत भरवलेल्या मुलाच्या मेंदूत त्या चवीशेजारी भीती आणि चीड नोंदली जाते, आणि पुढच्या वेळी भाजीबरोबर तीही जागी होते.

लालूच दाखवण्याचंही असंच आहे. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ या वाक्यात मुलाला दोन गोष्टी ऐकू येतात: भाजी ही सोसायची गोष्ट आहे आणि आइस्क्रीम ही मिळवायची. १९८४ च्या एका प्रयोगात नवं पेय प्यायल्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांची त्या पेयाची आवड कमी झाली. बक्षीस न मिळालेल्यांची झाली नाही. मात्र इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २०११ साली वॉर्डल यांच्या लंडनमधल्या गटातल्या लुसी कुक यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना नावडती भाजी नुसती चाखल्याबद्दल एक स्टिकर दिला. त्या मुलांची आवड घटली नाही. वाढली, आणि तीन महिन्यांनंतरही टिकली. दोन प्रयोगांत विरोध दिसतो, पण फरक तपशिलात आहे. मूल तसंही पिऊ शकलं असतं अशा पेयासाठी बक्षीस दिलं तर ते पेयाची किंमत कमी करतं. तोंडातच न घेतलेल्या भाजीचा पहिला कण चाखण्यासाठी छोटं, खाण्याव्यतिरिक्तचं बक्षीस दिलं तर ते फक्त उंबरा ओलांडायला मदत करतं. एका कणासाठी स्टिकर चालेल. वाटी संपवण्यासाठी चॉकलेट चालणार नाही.

मोबाइल पुढे धरून भरवणं हे मला या सगळ्यांत अधिक काळजीचं वाटतं, कारण ते यशस्वी झाल्यासारखं दिसतं. वाटी रिकामी होते. पण मुलाचं लक्ष पडद्यावर असतं; तोंडात काय आहे आणि पोट कधी भरलं, या दोन्हीकडे त्याचं ध्यान नसतं. महिनोन्‌महिने मेथी पोटात जाते आणि तरी मेथीशी ओळख होत नाही. चिऊ-काऊचे घास भरवताना निदान आई आणि मूल एकमेकांकडे आणि घासाकडे पाहत असतात.

चौकट : डॉक्टरांना कधी दाखवावं

वर सांगितलेलं सगळं निरोगी, वाढ ठीक असलेल्या मुलांबद्दल आहे. वजन आणि उंची वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेवरून खाली घसरत असेल, घास गिळताना ठसका किंवा दुखणं होत असेल, वारंवार उलट्या-जुलाब असतील, मूल फिकट आणि सुस्त दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावं. अंगणवाडीतही वजनाचा तक्ता ठेवला जातो. मोजून पाच-सात पदार्थांपलीकडे मूल काहीच खात नसेल, त्यातलेही एकेक कमी होत असतील, किंवा स्पर्श, आवाज, वास यांचाही त्याला असह्य त्रास होत असेल, तर ते साधं नावड-आवडीचं दुखणं नसतं. अशा टोकाच्या टाळाटाळीला २०१३ पासून वैद्यकशास्त्रात स्वतंत्र निदान आहे आणि त्यावर तज्ज्ञांची मदत मिळू शकते. जंतांचं औषध वेळेवर दिलं आहे ना, हेही पाहावं.

मग उपाशी राहू द्यायचं का?

आग्रह नको म्हटलं की आजीच्या चेहऱ्यावर हाच प्रश्न येतो. त्याचं उत्तर अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात कामाची वाटणी करून दिलं. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. या वाटणीत लाड नाहीत. मूल म्हणेल तेव्हा मॅगी करून देणं म्हणजे मोठ्यांनी आपलं काम सोडणं. तोंड दाबून भरवणं म्हणजे मुलाचं काम हिसकावणं. जेवणाच्या आणि खाण्याच्या वेळा ठरलेल्या, मधल्या वेळात पाणी, आणि प्रत्येक ताटात मुलाला चालणारा निदान एक पदार्थ. असं असेल तर मेथी न खाल्लेलं मूल वरणभात खाऊन उठेल. उपाशी राहणार नाही. ‘पानात टाकू नये’ हा संस्कारही मोडत नाही; त्यासाठी मुळात कमी वाढावं आणि मागितलं तर पुन्हा वाढावं.

मुलाच्या हाती निवड दिली तर ते गोडच खाईल, ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर शिकागोच्या डॉ. क्लारा डेव्हिस यांच्या जुन्या प्रयोगात आहे. १९२६ पासून त्यांनी नुकत्याच दूध सुटलेल्या १५ बाळांना ३४ साध्या पदार्थांमधून हवं ते निवडू दिलं. परिचारिका चमचा घेऊन बसत, पण बाळाने बोट दाखवल्याशिवाय भरवत नसत आणि काही बोलतही नसत. बाळांची एकेक जेवणं विचित्र होती, तरी सगळी नीट वाढली. हे वाचून अनेकांनी निष्कर्ष काढला की मुलाला आपोआप सगळं कळतं. डेव्हिस यांनी स्वतः तसं म्हटलं नाही. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैद्याचं काही नव्हतं, डबाबंद काही नव्हतं. निवड मुलांची होती. यादी मोठ्यांची होती. घरात बिस्किटाचा डबा हाताशी ठेवून ‘हवं ते घे’ म्हणणं म्हणजे हा प्रयोग अर्धाच करणं.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सगळं खात्यापित्या घरांचे प्रश्न आहेत. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी जेमतेम ११.३ टक्क्यांना पुरेसा आहार मिळतो असं आढळलं. जिथे ताटात विविधताच नाही तिथे आवडीनिवडीची चर्चा करणं अपुरं आहे, आणि त्यावरचे उपाय रेशन, अंगणवाडी आणि मजुरीच्या दरात आहेत. पण ज्या घरात रोज एक भाजी शिजते, त्या घराला ही पद्धत महाग पडत नाही. वेगळा स्वयंपाक लागत नाही, परदेशी ब्रोकोली लागत नाही. मोठ्यांसाठी केलेल्या भाजीतला एक चमचा पुरतो. तिखट घालण्याआधी तो बाजूला काढला की झालं.

तिखटाचंच घ्या. मिरचीची आग कोणत्याही बाळाला आवडत नाही. रोझिन यांनी मेक्सिकोतल्या एका गावात पाहिलं की तिथे लहान मुलांना मिरची कोणी जबरदस्तीने खायला लावत नाही, खाल्ल्याबद्दल बक्षीसही देत नाही. मोठी भावंडं आणि आईवडील रोज खाताना दिसतात, थोडी थोडी ताटात येत राहते, आणि पाच ते आठ वर्षांच्या दरम्यान मुलं ती आपणहून मागू लागतात. खानदेशात आणि कोल्हापुरात मुलं तिखटाला अशीच सरावतात. जी माणसं मिरचीची आवड शिकू शकतात, त्यांना दुधी शिकणं अशक्य नाही.

लवकर सुरुवात, आणि सोबत

नवी चव स्वीकारण्याचा सोपा काळ सहा महिन्यांपासून साधारण दीड वर्षापर्यंतचा. खरं तर शिकणं त्याआधीच सुरू होतं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी २००१ साली दाखवलं की गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतलेल्या आयांची बाळं पुढे गाजराच्या चवीचं खाणं जास्त सहज स्वीकारतात. आईच्या आहाराचा स्वाद गर्भजलात आणि दुधात उतरतो. बाळंतिणीला पालेभाज्या, डाळी, फळं वर्ज्य करणाऱ्या प्रथांचा त्या दृष्टीनेही फेरविचार व्हावा. उष्टावणानंतर आणखी एक सवय सोडायला हवी, ती म्हणजे सगळं मिक्सरमधून गुळगुळीत फिरवून देणं. इंग्लंडमधल्या एका दीर्घकालीन पाहणीत ज्या बाळांना नऊ महिन्यांनंतरच जाडसर, गुठळ्यांचं अन्न सुरू झालं, त्यांच्यात सात वर्षांच्या वयातही खाण्याच्या तक्रारी जास्त होत्या आणि फळं-भाज्यांची विविधता कमी होती. चावायला शिकण्याचंही वय असतं. सात-आठ महिन्यांच्या बाळाला खिचडी हाताने कुस्करून द्यावी, फिरवून नको.

पराठ्यात पालक, पावभाजीत दुधी, थालीपिठात किसलेला कोबी लपवण्याची युक्ती आया वापरतात. पोषण म्हणून ती उत्तम आहे आणि सोडायचं कारण नाही. मात्र लपवलेल्या पालकाने पालकाची ओळख होत नाही, कारण मुलाला तो दिसत नाही आणि वेगळा लागत नाही. म्हणून पराठ्यात आहे त्याच दिवशी ताटात डावीकडे पालकाची भाजी चमचाभर दिसू द्यावी, आणि पराठ्यात काय घातलं आहे ते विचारल्यावर खरं सांगावं.

ती पालकाची भाजी खाणारं दुसरं कोणीतरी त्याच वेळी शेजारी असेल तर काम निम्मं होतं. बर्च यांनी १९८० साली बालवाडीतल्या मुलांना जेवताना अशा मुलांसोबत बसवलं ज्यांची आवडती भाजी वेगळी होती. चौथ्या दिवसापर्यंत अनेकांनी आपली निवड बदलून सोबत्यांची भाजी उचलली, आणि काही आठवड्यांनीही ती बदललेली निवड टिकून होती. मोठ्यांबाबतही तेच दिसतं: नुसता पदार्थ पुढे करणाऱ्या माणसापेक्षा तोच पदार्थ स्वतः खाणाऱ्या माणसासमोर लहान मुलं तो अधिक सहज तोंडात घालतात. शहरी घरांत मुलाला साडेसातला आधी भरवून टाकायचं आणि मोठ्यांनी नऊ वाजता जेवायचं, अशी घडी बसलेली असते. त्यात मूल एकटंच जेवतं आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या ताटावर असतात. दिवसातलं एक जेवण तरी सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच भाजीचं घ्यावं. रात्री जमत नसेल तर रविवारी दुपारी. आणि ज्या वडिलांना कारलं आवडत नाही त्यांनी ते मुलाच्या ताटात वाढण्याआधी स्वतःच्या ताटात चमचाभर वाढून घ्यावं, पुढचे पंधरा दिवस.